भूतानचा वाटा आन् आमची कमान

११ जानेवारी
ललिता आली गडचिरोलीहून. कॉलेजातल्या स्पर्धेत तिचं भाषण आहे: भारत आन् भूतान, शिक्षणावर कोणतं सरकार जास्त खर्च करते. म्हटलं, हा काय विषय झाला? आपला देश केवढा, तो केवढासा! पोरगी हसली. "बाबा, रक्कम नाई पाहाची. देशाच्या कमाईतला वाटा पाहाचा. वाट्यानं पाह्यलं त भूतान आपल्या पुढं आहे." डोकं सणकलं माहं. नीट जेवलो नाई. पण बोलते कशी, वकिलावानी! वाह रे माही पोर.

१३ जानेवारी
गावानं विकलेल्या तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानाचा, पैसा आला एकदाचा. मजुरी वाटून गावाचा हिस्सा उरला. गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान बांधाचीच. घुग्घुसचा मिस्त्री पाहून ठेवला. ग्रामसभेचा अध्यक्ष म्हणून खाली माहं नाव, लहान अक्षरात. लय लहान बी नाई.

१६ जानेवारी
ललिताचं तोंड उतरलं. सरांनी भाषण वापस केलं. तिनं फक्त दिल्लीचा खर्च धरला होता, राज्यांचा राह्यलाच. आन् आपल्या इथी शाळा त जास्त करून राज्यच चालवते. मी टाळी वाजवली, "पाह्य, मी म्हणलो होतो!" तिची माय डाफरली माह्यावर.
सायंकाळवर पोरगी राज्यांचे आकडे जोडत बसली. मंग म्हणते, "फरक कमी झाला बाबा, पण भूतान अजून पुढंच." आपलं चुकलं होतं, हे बी भाषणात सांगणार म्हणे. काऊन? कोणाले मालूम पडते?
"मले मालूम आहे ना."


२० जानेवारी
पहिला नंबर!!
गेलो होतो ऐकाले, धुतलेला सदरा घालून. तिनं आपली चूक बी सांगितली. मंग टाळ्याच टाळ्या. बाजूच्याले सांगितलं, माही पोरगी होय. त्याच्या बाजूच्याले बी सांगितलं. येताना कंडक्टरले. त्यानं तिकीट काही सोडलं नाई, पण खुश झाला.

२५ जानेवारी
ग्रामसभा. मी कमान मांडली. ललिता उठली. बापाकडे पाह्यलं बी नाई. "शाळेत चार वर्ग, गुरुजी एकच. गावाच्या कमाईतला वाटा दरसाल दुसऱ्या मास्तरणीसाठी ठेवा. मंग दिल्लीले नावं ठेवू." बाया सगळ्या तिच्याकडून. देवाजीभाऊ, ज्यानं कमानीसाठी आपली जागा देतो म्हणलं होतं, तो बी म्हणे पोरगी बरोबर बोलून राह्यली.
आमच्या गावात हात मोजत नाई. एक जण जरी नाई म्हणला त निर्णय थांबते, सगळे हो म्हणतवर. हा नियम मीच आणला गावात. बाहेरचे लोकं ऐकतात त नवल करतात, आन् मले आजबी त्याचा अभिमान आहे.
सगळे हो म्हणले. एक जण नाई म्हणला.
मी.

२६ जानेवारी
झेंडावंदनाले गेलो. गुरुजी एकटाच. पहिलीवाले रांगेत लावले त तिसरीवाले पांगले. मी भाषण लवकर आटपलं. 
घरी पोरीनं ताट वाढलं, रोजच्यासारखं. राग नाई, रुसवा नाई. म्हणते, "नाई म्हणाचा हक्क आहे तुमचा, बाबा. पण कारण सभेत सांगा लागते."
खरं आहे. नियमच तसा. माहाच नियम मलेच दाखवते, अस्सल पोर निपजली! शेजारी बसून कौतुक करावं असं वाटलं. केलं नाई. तोंडात घास होता.

२७ जानेवारी
उद्या सभा परत बसते. मिस्त्रीचा फोन आला, उचलला नाई. सकाळपासून कारण शोधून राह्यलो. सापडतात बी. पण तिच्यासमोर उभं राहून सांगता येईन, असं एकबी अजून...