लाल ठिपक्यांची झाडं

मंगळवार, ३ तारीख
सगळ्यात आधी आली ती शेजारची शिंपीण! चहाचं आधण ठेवलं नव्हतं तोवर दारात. "अगं, मोजणीवाली बाई आलीये. तुझ्या मागच्या झाडांना लाल ठिपके लावतेय. किनाऱ्याला भिंत घालणार म्हणे!"
जाऊन पाहिलं तर खरंच. सुरूला ठिपका, उंडीला ठिपका. म्हणजे कापणार! उंडी ह्यांच्या हातची. धाकटा रांगत होता तेव्हा लावलेली. हे गेले, उंडी आहे.

बुधवार, ४
शिंपीण आणि मी काथ्या, रॉकेल घेऊन गेलो. चौदा झाडं घासली! तिच्या घरामागे झाडं नाहीत, सासऱ्यानेच तोडली होती. गेल्या वादळात तिचे पत्रे पार रस्त्यापलीकडे सापडले, माझं कौल हललं नाही. म्हणून माझ्याहून जोरात घासत होती. म्हणते, "या वयात चोऱ्या करायला लावतेस, म्हातारे!" हसून हसून दम लागला. ठिपके मात्र साफ.

गुरुवार
कंबर धरली. सून विचारते, "आई, रॉकेलचा वास कसला?" मी आपली कंबर चोळत आत.

शुक्रवार, ६
मोजणीवाली बाई परत. उंडीपाशी डोक्याला हात लावून उभी. "आजी, ठिपके कुठे गेले? लाल ठिपका म्हणजे राखायचं झाड! बिनठिपक्याची कापणार आहेत."
मेले! मीच माझ्या झाडांच्या मुळावर उठले. सगळं कबूल केलं. आधी रागावली, मग पदराआड हसली. "दाखवा आता, कोणती ती." चौदाच्या चौदा दाखवली.
मग माझं तोंड थांबतंय कुठलं! म्हटलं, बाई, उरलेल्यांनी काय घोडं मारलंय? ती खाडीकडची तिवरं बघ. चिखल मुळांत धरून बसलीत, म्हणून ही जमीन जागेवर आहे. माझ्या विहिरीचं पाणी पाजलं — गोड. मग शिंपिणीच्या विहिरीचं — थुंकलीच! इतकं खारट. तिच्या मागे आडोसा नाही ना. बाई वहीत लिहितच राहिली. पानं उलटली, तरी लिहितेय.

शनिवार, ७
बाईचा निरोप आला. सोमवारी साहेबांना घेऊन येते. पाणी त्यांनाही पाजायचं. आणि लाल रंगाचा एक डबा पुरायचा नाही, दोन आणते म्हणाली.