पांढरी लव, काळी रेघ

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मी बरा आहे. (खोकला आहे, पण तो भुशाचा.) तुम्ही दिलेला पलंग नीट आहे ना, असं विचारलंत. त्याबद्दल शेवटी लिहितो.

सोबतची वाटी आधी उजेडात धरून पाहा. तिच्यावरच्या काळ्या रेघा मी काढलेल्या नाहीत. ओल्या लाकडात दोन बुरशा समोरासमोर आल्या की दोघी आपापल्या हद्दीला काळं कुंपण घालतात. भावकीसारखंच, पण इतकं देखणं भांडण मी आपल्या घरात कधी पाहिलं नाही.

आमच्या लाकूड कातायच्या कारखान्यातले मिस्त्री म्हणाले होते, "तीन महिन्यांत अशा नक्षीचं लाकूड करून दाखव, मग लेथला हात लाव. तोवर घास पॉलिशपेपर." मी दोन फळ्या ओल्या भुशात घालून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पलंगाखाली ठेवल्या. उघडून बघू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं. मी रोज सकाळी उघडून बघायचो. पांढरी लव दिसली की लाकूड कुजतंय असं वाटायचं, आणि मी ती ओल्या फडक्याने पुसून काढायचो. तीन महिन्यांनी फळ्या अगदी स्वच्छ निघाल्या. "अरे बाबा," मिस्त्री म्हणाले, "तण समजून पीकच उपटलंस की!" सगळा कारखाना हसला. मला वाटलं, आता जन्मभर घासतच बसायचं.

दुसऱ्या दिवशी मला वेगळाच एक तुकडा मिळाला. (कुठे, ते आत्ता विचारू नका.) करवतीने तो उघडला आणि तसाच मिस्त्रींपुढे नेला. मधाच्या रंगात केसाएवढ्या बारीक रेघा, कुठे वळलेल्या, कुठे परत येऊन मिळालेल्या. मामा, पट्टी धरूनही माझी रेघ वाकडी येते. इथे डोळे नसलेल्या जीवांनी अंधारात हे काढलं होतं! मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. 'बरं आहे' याच्या पुढे कधी न गेलेला माणूस हळूच म्हणाला, "लेथवर तूच चढव."

मामींची तब्येत कळवा.

तुमचा भाचा

ता. क. ते फडकं वाळत घालायला खोलीत जागा नव्हती, म्हणून मी रोज ते ओलंच पलंगाच्या मागच्या पायाला गुंडाळून ठेवायचो. वाटी त्या पायाची आहे. पलंग विटांवर अगदी नीट आहे.

आणखी एक. फडकं आता दुसऱ्या पायाला बांधलं आहे. मामींना चार वाट्यांचा संच आवडेल का, तेवढं विचारा. नको असेल तर लवकर कळवा. कालपासून पांढरी लव दिसते आहे, आणि या वेळी मी ती पुसलेली नाही.