तोफखान्याला नेहमीप्रमाणे उशीर

मी, तोफखान्यातून निवृत्त झालेला हवालदार आणि सध्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाचा अर्धा मालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कान ठिकाणावर नाहीत, ते तोफांनी नेले. पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत, असे वकीलबाईंनी मला ओरडून सांगितले आहे. कोणाचा धाक नाही, भीड नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते. जे आहे ते आपोआप मुलाकडे जाईल, असे धरून चाललो होतो.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, मुलीला. तिची आई असती तर हे कलम लिहावे लागले नसते. जावई फौजेत सिग्नलमध्ये होता. साऱ्या फौजेचे निरोप पोचवले, सासऱ्याचा फोन मात्र उचलत नाही. तरी मुलीला सुखात ठेवले आहे, म्हणून त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही. आतल्या खोलीतले लोखंडी कपाट मुलाचे आहे. ते कोणाच्या नावे करावे हे मला समजलेले नाही. मी ते उघडलेले नाही. मुलीला जमेल तेव्हा तिने उघडावे, न जमल्यास तसेच ठेवावे.

२. बँकेत जे असेल ते मुलीला. फार नसेल, तिने आशा धरू नये.

३. हत्यारे. वाकड्या चाकाचा आऊट काढायचा स्टँड, पाने, कातरी आणि मापाची पट्टी ही माझी आहेत. मोठा हातोडा माझा नाही, तो माझ्या भागीदाराचा. त्याला मी पायपीट म्हणतो, कारण तो पायदळातला निवृत्त हवालदार. तो मला लांबूनराव म्हणत असे, कारण आम्ही तोफखानावाले लांबूनच लढतो. मी चाक स्टँडवर चढवून आरे मोजून आवळायचो, तर हा शेजारून ओरडायचा, "अरे लांबूनराव, सायकल आहे ती, डोंगरापलीकडचा शत्रू नाही! जवळ जा, हात लाव तिला!" आणि स्वतः हातोडा घ्यायचा. मी म्हणायचो, "पायदळाला डोकं दिलं असतं, तर सरकारला इतके बूट वाटावे लागले नसते." गिऱ्हाईक आपली सायकल विसरून ऐकत उभे राहायचे.

दुकान तोच आधी उघडत असे. मी पोचलो की शटरखालून रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज, "तोफखाना नेहमीप्रमाणे उशिरा!" माझे उत्तर ठरलेले. "आम्ही आलो की लढाई संपते. म्हणून सावकाश येतो." सकाळचा चहा या दोन वाक्यांनंतरच मागवला जाई.

४. दुकानातला माझा अर्धा हिस्सा. तो भागीदाराला द्यायचा माझा विचार होता. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई आम्हा दोघांसमोर बोलल्या. त्यावर तो लगेच म्हणाला, "मग मला साक्षीदार करा." वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्याला ओळखतो. माझे काहीही घ्यायचे नाही, हे सांगण्याची त्याची ती रीत आहे. म्हणून हिस्सा मुलीला. भागीदार जोवर दुकानात येतो आहे तोवर तिने तो विकू नये, ही विनंती.

५. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाई म्हणाल्या, गाळा. मी गाळत नाही.

माझा मुलगा त्या दुकानात वाढला. त्याने कोणत्या दळात जावे यावर आम्ही दोघे वर्षानुवर्षे भांडलो. मी त्याला अंतर आणि कोन शिकवत असे, पायपीट त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवत असे. भरतीच्या वेळी मुलगा म्हणाला, "बाबा, रागावू नका. मला काकांसारखं चालायला आवडतं." पायपीट हवेचा पंप हातात घेऊन दुकानभर नाचला. मी तोंड पाडले, पण ते दाखवण्यापुरते.

मुलगा एका डोंगरी चौकीवर गेला, तो परत आला नाही. जो अधिकारी घरी कळवायला आला तो फार हळू आवाजात बोलत होता. मला काही ऐकू येईना. मी पायपीटला म्हटले, सांग. तो माझ्या कानाशी वाकला आणि एकेक वाक्य मोठ्याने सांगत गेला. चौकीवर हल्ला झाला. मागच्या तोफांकडून मदत मागितली. धुके होते, नेम धरता येईना. मग तो थांबला. मी म्हटले, "पुढे बोल." तेव्हा त्याने तेही सांगितले. "तोफांना उशीर झाला."

रोज ओरडायचा तेच वाक्य त्याला त्या दिवशी माझ्या कानात ओरडावे लागले.

त्यानंतर तो मला एका शब्दाने चिडवत नाही. 'अहो' म्हणतो. मी त्याला म्हणून पाहिले, की पोरगा आपल्या मनाने गेला, तुझ्या नाडीने नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." मी पायदळाला वाटेल ते बोललो, बुटांवरून, डोक्यावरून. तो पाना पुढे करतो आणि चाकाकडे बघतो. सकाळी तो आता माझ्या आधी येत नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाआड उभा राहतो, मी शटर वर केले की मग येतो. मला उशीर होऊच नये, म्हणून. मी त्याला तिथे पाहिले आहे, हे त्याला माहीत नाही. माझा मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर हाही गेला. आता दुकानात दोन म्हातारे आरे आवळतात आणि त्यांच्यात कोणी नसते.

६. म्हणून साक्षीदाराला मी वस्तू देत नाही, एक काम देतो. मला शेवटचे नेतील तेव्हा त्याने पुढे चालावे, मला ऐकू यावे अशा आवाजात ओरडावे, की तोफखाना नेहमीप्रमाणे उशिरा. मुलगा कधीचा पोचला आहे. मी आता निघतो आहे. या वेळी ते वाक्य खरे आहे आणि ते बोलायचा हक्क दुसऱ्या कोणाला नाही.

सही केल्यानंतर हे कागद वकीलबाईंकडे राहतील.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिल्या: (सही) दुकानाशेजारच्या दवाखान्यातील डॉक्टरबाई
साक्षीदार दुसरे: (सही) निवृत्त हवालदार, पायदळ

स्थळ: वकीलबाईंची कचेरी, पहिला मजला
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४

ता. क. सह्यांखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, असे वकीलबाई म्हणतात. नसू दे.

सहावे कलम त्याने आजच वाचावे, माझ्यासमोर, म्हणून मी कागद त्याच्याकडे सरकवला होता. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकीलबाईंनी सांगितले आणि त्याने वाचला नाही. फक्त विचारले, "सही कुठे करू?" मी म्हटले, "वाच की लेका, तुझ्या पायदळाला शिव्या दिल्यात." त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि जिन्याकडे हात केला. दुकान उघडायचे राहिले होते.

"अहो, तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी येतो मागून."