रिकामा जाणारा टेम्पो

१ डिसेंबर, सकाळी ७.१०

डायरी सुरू. मेडिकलवाल्याने फुकट दिलेली, गेल्या वर्षाची. तारखा त्याच असतात, वार खोडून घ्यायचे. लोक उगाच नवीन विकत घेतात.

बांद्याचं भाड्याचं घर सोडायचं. माडबावला स्वतःचं घर तयार झालं. शिफ्टिंग कंपनीचा माणूस येऊन सामान बघून गेला. चौदा हजार म्हणाला. वर जीएसटी. मी विचारलं, सामान नेणार की मला विमानाने नेणार? हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं? हाकलून दिला. तोवर त्याचा चहा पिऊन झाला होता.

पतसंस्थेत एकतीस वर्षं वसुली केली मी. सांतान आला म्हटलं की लोक मागच्या दाराने पळायचे. माझ्या खिशातून पैसे काढणारा अजून जन्माला यायचा आहे.

संकल्प: सगळं शिफ्टिंग तीन हजारांत.

२ डिसेंबर

जुलियाच्या अटी. नवऱ्याला अटी!

१४ तारखेला, रविवारी, केव्हिनचे आईवडील म्हापशाहून घर बघायला येणार. आमच्या मुलीचं, डेलिशाचं, आणि त्याचं केव्हाच ठरलंय, ती तिकडेच नोकरीला आहे; आता मोठ्यांचं बोलणं व्हायचं. तोवर घर लागलेलं हवं, ही अट एक. त्यांच्यासमोर मी पैशाचा विषय काढायचा नाही, ही अट दोन.

म्हणे मागचं स्थळ माझ्यामुळे मोडलं. साफ खोटं. मी फक्त विचारलं होतं, बँडचे पैसे कोण देणार. चहा यायच्या आधी विचारलं, हा काय गुन्हा झाला? ती माणसंच गर्विष्ठ. डेलिशा त्यानंतर आठ महिने माझ्याशी धड बोलली नाही. त्यांचा राग तिने माझ्यावर का काढावा, ते कळत नाही.

५ डिसेंबर

किराणावाला रिकाम्या खोक्याचे दहा रुपये मागतो. रिकाम्या! आत हवा भरून देतो काय? भर बाजारात सुनावलं. लोक जमले. माझ्या बाजूने कोणी बोललं नाही. भेकड गाव आहे, सोडतोय तेच बरं.

भांडी चादरींत बांधली. खर्च शून्य. दोन कप फुटले. जुलिया म्हणाली, सेट मोडला. मोडला कुठे? चार कपांचा सेट झाला.

७ डिसेंबर

टेम्पो मिळाला! शिवा नावाचा माणूस १२ तारखेला माडबावला रिकामा जातोय, तिकडून कोणाचं तरी सामान आणायला. रिकाम्या फेरीचं भाडं अडीच हजार. याला म्हणतात डोकं. रिकामा का जातो ते सांगायला लागला, गावात काहीतरी आहे वगैरे. मी म्हटलं, पाल्हाळ नको, आकडा बोल.

९ डिसेंबर

माडबावचा शेजारी सत्यवान याचे सकाळपासून तीन फोन. उचलले नाहीत. सामान उतरवायला माणसं देतो म्हणून हजेरी ठरवायची असणार. मी ओळखतो असल्यांना. ब्लॉक केला.

१२ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

गुडघ्यावर डायरी ठेवून लिहितोय, अक्षर वाईट येणार.

माडबावच्या अलीकडे व्हाळ आहे, म्हणजे ओढा. तिथे पोचलो तर समोरून सगळा गाव येतोय. डोक्यावर बोचकी, हातात कोंबड्या, दोरीला बकऱ्या, मागे कुत्रे. पुलावर आम्ही एकटे उलटे. सत्यवान पुढे आला. म्हणाला, "साहेबानू, गाव भायर पडता, आणि तुमी भितुर खंय चल्लास?"

गावपळण. देवाचा कौल झाला, आजपासून तीन दिवस तीन रात्री गावात माणूस नको, जनावर नको, चूल नको. सगळे वेशीबाहेर राहणार. आम्ही किरिस्तांवसुद्धा. पंधरा दिवसांमागेच ठरलं होतं. मी म्हटलं, मग मला कोणी का सांगितलं नाही? सत्यवान म्हणाला, "तीन येळा फोन केलंय. तुमी उचलूक नाय."

चौथ्यांदा करायला काय झालं होतं?

शिवा म्हणाला, "व्हाळाच्या पलयाड टेम्पो नेवचंय नाय." मी ओरडलो. पोलिसांत जाईन म्हटलं. त्याने शांतपणे सामान अलीकडच्या मळ्यात उतरवलं आणि सत्यवानचा तांदूळ, भांडी भरायला लागला. सोफा, कपाट, फ्रिज, पलंग सगळं उघड्यावर. बांद्याच्या घराची चावी सकाळीच देऊन बसलो. एक दिवसाचं भाडं वाचवायला मीच जुलियाला घाई केली होती.

जुलिया उतरली, सत्यवानच्या बायकोला, मथुराला, विचारलं, झावळ्या खंय गावतली? गेल्या दोघी झोपडी बांधायला. रविवारचं काय, म्हणून मी विचारलं. ती झावळ्या मोजत होती.

१३ डिसेंबर

माझ्या सोफ्यावर सहा म्हाताऱ्या. सकाळपासून उठलेल्या नाहीत. फ्रिजवर कोंबडी. कपाट वाऱ्याला आडवं म्हणून कोणाच्या तरी चुलीशेजारी उभं, मला न विचारता. माझा गॅस सार्वजनिक. सिलिंडरचा विषय काढला तर मथुराने ताटभर भात आणि तिसऱ्यांचं सुकं आणून दिलं. तोंड बंद करायची युक्ती. खाल्लं.

जुलिया हसतेय. बायकांमध्ये बसून कसल्या तरी ओव्या म्हणतेय. सत्तावीस वर्षांच्या संसारात ही इतकी कधी हसली नव्हती. माझ्या नुकसानीवर हसते.

म्हापशाला फोन करून यायचं रद्द कर म्हटलं. तिने केला, पण म्हणाली काय, या, आमी मळ्यात आसांव! मी भडकलो. व्याह्यांना शेणात बसवणार? ती म्हणाली, "तुमी फक्त गप ऱ्हवा."

अंधार पडल्यावर आणखी एक. व्हाळापलीकडे अख्खा गाव काळोखात, आणि मधोमध एक बल्ब. माझ्या पडवीतला! इलेक्ट्रिशियन टेस्टिंग करून चालूच ठेवून गेला. कालपासून जळतोय. सगळे बोट दाखवून म्हणतात, साहेबांचो दिवो. मीटर माझं फिरतंय आणि यांना कौतुक.

१४ डिसेंबर, दुपारी १२.१५

पाहुणे चारला. सगळे जेवतायत. साकवावरून, म्हणजे पायपुलावरून, जाऊन बटण बंद करायचं आणि यायचं, अर्धा तास. देव माझ्यासारख्यावर कशाला रागावेल? वीज वाचवतोय. मोबाइल शिवाच्या टेम्पोत चार्जिंगला लावलाय, फुकट होतोय, तो तिथेच राहू दे.

१४ डिसेंबर, संध्याकाळी ७.२०

सविस्तर लिहितो. हे कोणाला सांगता येणार नाही.

गावात कोणी नाही. कुत्रं नाही, कोंबडं नाही. घर उघडलं, बल्ब बंद केला. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून फरशीवर टेकलो. फरशी गार. कोणाचा आवाज नाही. भांडायला कोणी नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझं घर. पहिल्यांदाच त्यात बसलो होतो. जुलियाच्या आधी.

डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन दारातून निघून गेलं होतं. धावलो. साकवावर एक चप्पल पाण्यात गेली. मळ्यात पोचलो तर सहा वाजायला आले होते. पाहुणे तीनलाच आले होते आणि साडेपाचला गेले.

सगळं ठरलं.

केव्हिनची आई म्हाताऱ्यांमध्ये सोफ्यावर बसली. त्याचे वडील सत्यवानबरोबर कोंबडी सोलायला बसले. मथुराने आंबोळ्या काढल्या. नंतर सगळ्यांनी मिळून एक लादाईन, आमची प्रार्थना, म्हटली, हिंदूंनीसुद्धा, शब्द न कळता. एप्रिलची तारीख धरली. जेमतेम पंधरा मिनिटांत. डेलिशा पाहुण्यांबरोबरच आली होती आणि गेलीही. मी कुठे आहे असं त्यांनी विचारलं. जुलियाने सांगितलं, कामाक गेले.

माझ्या मुलीचं लग्न. मी फरशीवर घोरत होतो.

जुलियावर ओरडणार होतो, माझ्याशिवाय ठरवलंतच कसं? पण मग कुठे होतो ते सांगावं लागलं असतं. काळोख झाल्यावर सगळ्या मळ्याने पलीकडे बघितलं. दिवा नाही. माझ्या एका पायात चप्पल. सत्यवान म्हणाला, "बल्ब उडालो वाटता." शिव्या दिल्या असत्या तर उलट देता आल्या असत्या.

१५ डिसेंबर, रात्री

सकाळी परतायचा कौल झाला, गाव पुन्हा भरला. माझं सामान गावाने उचललं. कपाट चौघांनी, पलंग डोक्यावर, फ्रिज बांबूला बांधून. तासाभरात घर लागलं. जुलिया बोट दाखवेल तिथे वस्तू जात होती. एकही कप फुटला नाही. मी पाकीट काढलं. सत्यवान म्हणाला, "ठेवा ता खिशात." म्हणजे उतराईचा खर्च शून्य. सगळं शिफ्टिंग अडीच हजारांत झालं. संकल्पापेक्षा पाचशे कमी. हे मी जुलियाला सांगितलं. ती हं म्हणाली.

आत्ता पडवीत खाटेवर आहे. आत जुलिया फोनवर डेलिशाशी बोलतेय, स्पीकर लावून. त्यांना वाटतं मी झोपलोय. पाहुणे किती खूश झाले, केव्हिनची आई परत येईन म्हणाली, सगळं ऐकलं. मग डेलिशा म्हणाली, "मम्मी, लग्नादिवशी पप्पाक खंय पाठवया?"

दोघी हसल्या. खूप वेळ हसल्या.

उठणार होतो. चांगलं झापणार होतो, शब्दसुद्धा तोंडात तयार होते. उठलो नाही. नेहमीसारखा राग यायला हवा होता, आला नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

लग्नाचा हॉल कुठला, माणसं किती, खर्च कोणाचा, मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.