मालकाने अंतर राखावे

१ जून २०२४, सकाळ

आजपासून रोजनिशी. पद्मजा गेल्यापासून वेळ भरपूर आहे, त्याचा उपयोग केला पाहिजे. एकटा असलो तरी मजेत आहे. मुलगा हृषीकेश दर रविवारी पुण्याहून फोनवर विचारतो, त्यालाही हेच सांगतो.

अक्कलकोट रोडवरच्या दोन वन-रूम-किचनचा ताबा मिळाला. दुसरा मजला, शेजारी शेजारी. रिटायरमेंटचे पैसे त्यांत घातले. हृषीकेशच्या मते एफडी करायला हवी होती. मी म्हणालो, एफडीला दार नसते. त्याला कळले नाही.

शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून आयुष्य गेले. माणसे कशी हाताळावीत हे मला कोणी शिकवायला नको. धोरण पक्के: भाडेकरूंशी भावनेने वागायचे नाही. महिन्यातून एकदा जायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, भाडे घ्यायचे, परत. चहासुद्धा नाही.

१२ जून

एजंट सोमलिंगने पार्टी आणली. उदयसिंह, माढ्याचा. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. बायको अंकिता घरी मशीनवर पिशव्या शिवते. लग्नाला वर्षही झालेले नाही. करार अकरा महिन्यांचा. मला 'साहेब' म्हणावे असे सोमलिंगमार्फत आधीच सुचवले होते. अंकिता 'काका' म्हणाली. पहिलाच दिवस म्हणून सोडून दिले.

शेजारच्या खोलीसाठी दोन पार्ट्या नाकारल्या. एकाची नजर आवडली नाही. दुसरा फारच कमी बोलतो.

१५ जून

नळ तपासायला गेलो. नळ उत्तम. हे इन्स्पेक्शन होते, भेट नव्हे. चहा घेतला. नाही म्हणणे असभ्य दिसले असते.

१९ जून

नळ पुन्हा तपासला. नव्या नळावर सुरुवातीला लक्ष ठेवावे लागते.

८ जुलै

पाणी सोडायचा दिवस कळवायला गेलो. फोनवर कळवता आले असते, पण फोनवर माणूस नीट ऐकत नाही. अंकिता पिशव्या शिवत होती. मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलो, म्हणजे तिचे काम अडायला नको. पद्मजा शेंगांची चटणी उखळात कशी कांडायची ते सविस्तर सांगितले. तिने मशीन थांबवून ऐकले. आजकालच्या मुलींना असे सांगणारे कोणी नसते.

जेवायलाच थांबलो. ज्वारीची भाकरी छान करते.

२५ जुलै

उदयसिंहला या आठवड्यात रात्रपाळी. सकाळी गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपला होता. मला पाहताच उठून बसला. झोप रे, म्हणालो, तरी बसूनच राहिला. घराण्याचे संस्कार असे दिसतात. त्याला बरे वाटावे म्हणून जरा जास्त वेळ बसलो.

निघताना अंकिता म्हणाली, "काका, रोज कशाला तरास घेता? काय असलं तर आमीच फोन करू की."

माझ्या गुडघ्याची तिला काळजी वाटते. हृषीकेशला हे कधी सुचले नाही.

१४ ऑगस्ट

हृषीकेशचा फोन. दुसरी खोली अजून रिकामी का, असे विचारत होता. मी म्हणालो, घाईने माणसे घ्यायची नसतात. मग विचारले, तू दिवाळीला येतोस का? बघतो, म्हणाला. कामे असतात. मी आग्रह करत नाही. आग्रह करणारा बाप मी नव्हे.

२ सप्टेंबर

बराच वेळ बेल वाजवली. दार उघडले नाही. आत मशीनचा आवाज चालू होता, नंतर बंद झाला. बेल बिघडली असणार. जिन्यात बसून वाट पाहिली आणि घरी आलो.

३ सप्टेंबर

इलेक्ट्रिशियन घेऊन गेलो. तो म्हणाला, बेल चांगली आहे. मी तरीही नवी बसवून घेतली, हिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. खर्च माझा. भाडेकरूसाठी कोणता मालक एवढे करतो?

अंकिताचा चेहरा उतरलेला. विचारले तर म्हणाली, झोप होत नाही. मग कळले, दिवस गेले आहेत. मी आनंदाने बसलो ते दुपार झाली. तिला दोन-तीनदा म्हणालो, माझ्यासाठी अवघडून बसू नकोस, आडवी हो. ती काही आडवी झाली नाही.

१ ऑक्टोबर

निश्चय: महिन्यात फक्त एकदा.

४ ऑक्टोबर

पेरू घेतले होते, खराब झाले असते. हे निश्चयात धरलेले नाही.

२० डिसेंबर

अंकिता बाळंतपणासाठी माहेरी गेली, उजनीच्या काठी कुठेसे गाव आहे. उदयसिंह दिवसपाळीला. खोली बंद राहणार, कुबट वास धरणार. माझ्याकडे जादा किल्ली आहेच. रोज जाऊन खिडक्या उघडायच्या ठरवल्या.

२७ डिसेंबर

खिडक्या उघडून जरा बसलो होतो. दोरीवर तिने जाताना धुऊन टाकलेले जुन्या लुगड्याचे तुकडे अजून तसेच, बाळाच्या दुपट्यांसाठी असावेत. कुकर पालथा. कोपऱ्यात मशीनवर कापड झाकलेले. चाललेल्या संसाराचा एक वास असतो. आमच्या घरात हल्ली फक्त फिनाईलचा येतो.

डोळा लागला. जाग आली तर उदयसिंह दारात उभा. मी म्हणालो, कुबट वासासाठी आलो होतो. त्याने चपला काढल्या नाहीत, आतही आला नाही. मी बाहेर पडेपर्यंत दार धरून उभा राहिला. आदर आहे.

३० डिसेंबर

उदयसिंहने कुलूप बदलले. सावध मुलगा आहे. आवडले.

नव्या कुलपाची किल्ली द्यायची विसरला.

१९ जानेवारी २०२५

मुलगी झाली. सोमलिंगकडून कळले. मला फोन करायचा गडबडीत राहून गेला असेल.

माळ्यावरून हृषीकेशचा लाकडी पाळणा काढला. पद्मजाने जुन्या चादरीत बांधून ठेवला होता, नातवंडासाठी. हृषीकेश म्हणतो, आम्ही अजून तसे काही ठरवले नाही. पाळणा घासला, पॉलिश करून घेतले. कड्या नव्या.

२ फेब्रुवारी

टेम्पोतून पाळणा नेला. दारातून आत जाईना, तिरका करावा लागला. आत गेल्यावर शिलाई मशीन गॅलरीत काढावे लागले. उदयसिंह म्हणाला, "काका, आमी झोळी बांधणार हाय." मी म्हणालो, झोळीने बाळाच्या पाठीला बाक येतो. नव्या पिढीला संकोच फार.

घरी येऊन पद्मजाच्या फोटोला सांगितले. आज झोप चांगली लागेल.

२३ फेब्रुवारी

उदयसिंह घरी आला. पहिल्यांदाच आला. मी लगबगीने चहा टाकला, साखर सापडेना. तो उभ्यानेच बोलला. कंपनीने क्वार्टर दिले आहे, महिनाअखेर खोली सोडतो. डिपॉझिट सावकाश दिले तरी चालेल. किल्ली सोमलिंगकडे ठेवेन.

क्वार्टर मिळाले म्हणजे प्रगतीच. मी अभिनंदन केले. चहा त्याने घेतला नाही.

३ मार्च

खोली पाहिली. झाडून पुसून स्वच्छ. पाळणा खोलीच्या मधोमध तसाच. विसरले.

६ मार्च

पाळण्याचे सांगायला कारखान्याच्या गेटवर गेलो. वॉचमन म्हणाला, इथे कसले क्वार्टर? मग त्यानेच पत्ता सांगितला. माझ्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या पलीकडे, पत्र्याची खोली.

मला वाटले, उदयसिंहची नोकरी डळमळली असेल. बिचाऱ्यांनी लाजेने खोटे सांगितले असेल. भाडे कमी करायचे मनाशी ठरवले आणि गेलो.

अंकिता दारात पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ. तेल लावत होती. मोकळे केस. एवढी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. मला पाहिले आणि पदर सावरून उठायला लागली.

मी म्हणालो, बस बस. पाळणा विसरलात. आणि भाड्याचे काही असेल तर सांगा, मी काही परका नाही.

तिने बाळाला दुपट्यात गुंडाळले. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"काका, पाळणा विसरलो न्हाई. ठिवून आलो. तुमी मनानं लई चांगलं हाव, तेच अवघड झालं. बेल वाजली की मशीन बंद करायला लागायचं. ह्यांची झोप व्हायची न्हाई, मला पडायला यायचं न्हाई. भाडं आमी देत होतो, पण घर कवा आमचं वाटलंच न्हाई. हितं पत्रा तापतोय. पण दार आमचं हाय."

मी म्हणालो, पत्र्याखाली बाळाला उकडेल.

ती म्हणाली, व्हय.

बाळाचे नाव विचारले. श्रावणी. बारसे झाले होते. तिने बाळ माझ्या हातात दिले. मी मागितले नव्हते. फार हलके असते. विसरलोच होतो. परत दिले आणि निघालो.

७ मार्च

तिचे म्हणणे एकतर्फी आहे. मी नळ तपासायला जात होतो.

८ मार्च

नळ चांगला होता.

१५ मार्च

काही नाही. ऊन.

३० मार्च, पाडवा

हृषीकेशचा फोन. दोन्ही खोल्या विकून टाका म्हणाला. मी म्हणालो, बरं. मग तो म्हणाला, बाबा, बरं आहे ना? मी म्हणालो, मजेत. गुढी उभारली नव्हती, ते सांगितले नाही.

१८ एप्रिल

विकायला गिऱ्हाईक नाही. सोमलिंगला सांगितले, भाड्यानेच दे. माणसे तू निवड. मला विचारू नकोस.

२ मे २०२५

सोमलिंगने फोन करून बोलावले. अक्कलकोटकडचे कुटुंब, आपसात कन्नड बोलत होते. दोन्ही खोल्या घेणार, एकीत नवरा-बायको, एकीत सासू-सासरे. बाई चन्नम्मा. तिने स्वयंपाकघर पाहिले, खिडकीतून खाली पाहिले, मग सोमलिंगला विचारले, "मालक सारखं येऊन-जाऊन असतात काय?"

सोमलिंग म्हणाला, मालक पुण्याला असतात. म्हणाला आणि माझ्याकडे न बघता कागद चाळायला लागला. खरा मालक सांगितला तर या गल्लीत माझी खोली भाड्याने जात नसणार.

बाईने मला विचारले, तुम्ही कोण?

मी म्हणालो, "किल्ल्या माझ्याकडे असतात. मालक येत नाहीत."

"मग बरं झालं," ती म्हणाली. तिचा सासरा भिंतीला टेकून बसला होता, तोही हसला.

किल्ल्या दिल्या. जादाच्याही. पाळणा सोमलिंग टेम्पोने परत पाठवणार आहे.

घरी आलो तेव्हा सकाळचे अकराही वाजले नव्हते.