बिनफोनचे चारशे दिवस

५ मार्च

आज अकरा वेळा फोन वाजला. त्यातले नऊ ह्यांच्यासाठी. एक चुकीचा नंबर. आणि एक लेकीचा — तोही "बाबांना दे गं जरा" म्हणून! ह्यांनी हातात घेतला नाही, अर्थात. मी स्पीकर लावून ह्यांच्या तोंडासमोर धरला. हे आरामखुर्चीत रेलून वीस मिनिटं बोलले. हात माझा भरून आला.

फोन सोडलेल्या माणसाचं कौतुक सगळे करतात. फोन सोडलेल्या माणसाच्या बायकोला कुणी विचारत नाही.

खरं तर फोन मला कधी हवाच नव्हता. ग्रंथालयात टेबलावर एक वाजतो, घरात ह्यांचा वाजायचा, दोन पुरे होते. हे शाळेतून निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांत ह्यांनी फोन सोडला. कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात! गावभर चर्चा. मग आठवड्याभरात म्हणाले, "अगं, घरात एक तरी फोन हवा." म्हणून माझ्या नावाने आणला. तेव्हापासून बँकेचे सहा आकडे माझ्याकडे, गोळ्यांच्या वेळा माझ्याकडे, दीर माझ्याकडे, आणि व्याख्यानाला बोलावणारे तर चोवीस तास माझ्याकडे. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

८ मार्च

सुट्टी. अर्ज टाकून आज तीन आठवडे झाले.

ग्रंथालयात सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवतेय. खळ, दाभण, दोरा, पुठ्ठा. हात आता आपोआप चालतात. पण आतल्या खोलीत ती दोन काचेची कपाटं आहेत, जुन्या हस्तलिखितांची. पानं अशी झालीत की श्वास लागला तरी तुकडा पडेल. त्यांना हात लावायची मला परवानगी नाही. त्यासाठी जुन्या कागदांच्या जतनाचं शिक्षण लागतं — सहा महिने, संस्थेत राहून. दर वर्षी आठच माणसं घेतात.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तुम्ही शिकून या. कपाटाची किल्ली मी तुमच्याच हातात देते."

गेल्या वर्षीही अर्ज केला होता. काही उत्तरच आलं नाही. नसेल लागला नंबर, म्हणून गप्प बसले. या वर्षी शेवटचं. पंचावन्नच्या आतली माणसं लागतात, आणि ऑगस्टमध्ये मला पंचावन्न पूर्ण. निवड झाली तर मार्चअखेरपर्यंत फोन करतात, म्हणे. एकदाच करतात.

म्हणून आता फोन माझ्यासाठीही वाजू शकतो! हे नवीनच आहे. आज स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी मी फोनकडे धावले. हे हसले. म्हणाले, "बघ, व्यसन हे असंच लागतं."

१४ मार्च

ह्यांचं व्याख्यान. बँकेच्या सभागृहात. मला पुढच्या रांगेत बसवलेलं.

हे बोलतात छान, खोटं कशाला बोलू? छत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतो. ती गोष्ट पुन्हा सांगितली, मला आता पाठ झाली आहे. "पंधरा मार्च. सकाळचे साडेदहा. घरात मी एकटा. फोन वाजला. बोललो, खाली ठेवला. आणि आतून आवाज आला — पुरे!" इथे थांबतात. मग म्हणतात, "कुणाचा फोन होता? ते महत्त्वाचं नाही." टाळ्या.

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. पुढच्या आठवड्याचे आयोजक — सरांना घ्यायला गाडी किती वाजता पाठवू? मी वाकून, तोंडावर हात धरून कसंबसं उत्तर देत होते. ह्यांनी पाहिलं. व्यासपीठावरून बोट दाखवलं आणि म्हणाले, "आमच्या घरात एक पेशंट अजून बरा व्हायचा आहे!"

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

परतताना म्हणाले, "गमतीत घे गं. लोकांना उदाहरण लागतं." मी म्हटलं, "अहो, गाडी सहाला येईल." तर म्हणाले, "साडेपाचला सांग. कळव त्यांना."

कळवलं.

१५ मार्च

वर्ष झालं. दिवसभर अभिनंदनाचे फोन. सगळे मी घेतले.

२२ मार्च

चारशेव्या दिवशी जाहीर सत्कार करायचा ठरलाय. अठरा एप्रिल, नगरसभागृह. समितीचे तिघं आज घरी आले होते. चहा झाला. जाताना सगळे म्हणाले, "वहिनी, पुढचं सगळं तुमच्या फोनवर बोलू."

संस्थेचा फोन नाही.

एक गोष्ट मात्र बरी आहे. फोनला मी कुलूप ठेवलेलं नाही. ग्रंथालयातल्या पोरी ओरडतात, "अहो काकू, पासवर्ड तरी टाका!" टाकायचा कुणासाठी? घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक फोनला शिवत नाही.

२६ मार्च

अंघोळ करून आले तर हे माझ्या फोनपाशी उभे. मला बघून दचकले.

"वाजत होता," म्हणाले.

"कुणाचा?"

"मला काय माहीत! मी कुठे बघतो?"

पाहिलं तर कुणाचाच नव्हता. कान वाजले असतील. इतकी वर्षं वर्गाची घंटा ऐकलीय.

आज फार प्रेमात होते. माझा डबा स्वतः भरून दिला.

३१ मार्च

नाही.

४ एप्रिल

सत्काराच्या पत्रिका छापून आल्या. माझंही नाव आहे — खाली, "संपर्क" म्हणून, फोन नंबरासकट.

९ एप्रिल

आज राहवलं नाही. दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या फोनवरून संस्थेत लावला. म्हटलं, नसेल झाली तर नाही म्हणा, पण एकदा सांगा तरी.

खिडकीवरच्या बाई असाव्यात. कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमची निवड झाली होती. सव्वीस तारखेला आम्ही फोन केला. तुमच्या घरच्यांनी, येणार नाहीत, असं सांगितलं. आम्ही म्हटलं, लेखी लागेल. तर पाच मिनिटांत तुमच्या नंबरवरून मेसेज आला."

मी म्हटलं, "वाचून दाखवता का?"

त्यांनी वाचलं. "काही अपरिहार्य कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे मी ही संधी स्वीकारण्यास असमर्थ आहे. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल मनःपूर्वक आभारी आहे."

वर्षभर ह्यांचे निरोप मी टाइप करतेय. "मनःपूर्वक आभारी आहे" शिवाय एक निरोप संपलेला नाही.

जागा दुसऱ्या दिवशीच भरली, म्हणाल्या. वाईट वाटलं त्यांना. मलाच म्हणाल्या, "बसा हं जरा, पाणी प्या."

दुपारभर एकही पुस्तक शिवलं नाही. दाभण हातात धरून बसले होते. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "हो, बरं नाही."

१० एप्रिल

विचारलं. रात्रीपर्यंत थांबले नाही, सकाळी चहाचा कप समोर ठेवला आणि विचारलं. "सव्वीस तारखेला माझा फोन घेतलात?"

आधी म्हणाले, "मी? फोन?" असं म्हणाले, की एखादी नवखी असती तर फसली असती.

मी तो मेसेज पाठ म्हणून दाखवला. शेवटच्या आभारासकट.

मग कप खाली ठेवला. मला वाटलं होतं, मान खाली घालतील. नाही! समजावायलाच लागले, नकाशा पुढे घेऊन बसल्यासारखे. "तू सहा महिने तिकडे. इकडे मला फोन घ्यावाच लागला असता. सत्कार तेव्हा तीन आठवड्यांवर होता. चारशे दिवसांवर पाणी! लोक काय म्हणाले असते?"

मी म्हटलं, "आणि मी? मी काय म्हणाले असते, ते नाही आलं मनात?"

"अगं, या वयात शिक्षण कसलं? इथलं काम आहेच की तुझं."

"निदान विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

हे मात्र खरं बोलले.

कुंपणच शेत खातं, म्हणतात. मी तर त्या कुंपणाच्या भरवशावर दार सताड उघडं टाकलं होतं. जगात एकच माणूस माझ्या फोनला हात लावणार नाही अशी माझी खात्री होती. त्यानेच लावला. तो शंभर वेळा वापरला असता, लपूनछपून खेळ खेळले असते त्यावर, तर मी हसून सोडून दिलं असतं. एकदाच घेतला, आणि तो माझा गळा कापायला!

वर अजून काय म्हणाले? "हे बाहेर बोलू नकोस. नियम मोडला असं होईल."

नियम!

१२ एप्रिल

फोन टेबलावर पडलाय. वाजतोय. मी उचलत नाही.

हे खोलीत येरझारा घालतात. "वाजतोय गं." वाजू दे. "समितीचे असतील." असतील. "हॉलचं काहीतरी असेल, बघतेस ना?" मी भाजी निवडत होते. एक एक पान. भाजी इतकी स्वच्छ या घरात कधी निवडली गेली नसेल.

चौथ्यांदा वाजला तेव्हा हात फोनपर्यंत गेला ह्यांचा. मी वर पाहिलं. हात मागे!

हसू आलं. मग तिथेच बसून रडले. हे बाहेर निघून गेले.

१४ एप्रिल

लेक आली, सत्कारासाठी चार दिवस आधीच. मी ठरवलं होतं, तिला सांगायचं. सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"बाबांनी महिनाअखेरीला सांगितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे मी ३१ तारखेला "नाही" एवढंच लिहून झोपले, तेव्हा बाप-लेकींना ठाऊक होतं. आणि ते दोघं बोलले कशावरून? माझ्याच फोनवरून! मीच स्पीकर लावून दिला असणार, आणि "तू जरा आत जा गं" म्हटल्यावर मीच आत गेले असणार.

लेक म्हणाली, "सत्कार होऊ दे. पत्रिका गेल्यात सगळीकडे. मग शांतपणे बोलू. बाबांचंही वय झालंय."

बाबांचं वय झालंय. माझं वय मात्र संपलंय — संस्थेच्या कागदावर तरी. हे तिच्या लक्षात आलं नाही. तिला मी वाईट म्हणत नाही. पण आज तिच्या अंथरुणावर चादर घालताना हात जड झाले.

१६ एप्रिल

उद्या संस्थेत जाणार. माझी मूळ प्रमाणपत्रं तिथे अडकली आहेत, सही करून परत न्या, असं फोनवरच्या त्या बाई म्हणाल्या होत्या. दोन तासांचा प्रवास. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "परवा सत्कार आणि उद्या कुठे जातेस? टपालाने मागव."

रजा टाकली आहे. फोन इथेच ठेवून जाणार.

१७ एप्रिल

जाऊन आले. कागद मिळाले. आज लिहवत नाही.

१८ एप्रिल

संस्थेत माझ्या नावाच्या फाइलमध्ये दोन अर्ज होते. बाईंनी दोन्ही काढून दिले. वरचा या वर्षीचा. खालचा गेल्या वर्षीचा, त्यावर संपर्क म्हणून ह्यांचा नंबर, माझ्याच अक्षरात. आणि कोपऱ्यात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं : "निवड झाली. १५ मार्च, स. १०.३०, फोन केला. यजमान बोलले — येणार नाहीत. पुन्हा फोन करू नये, अशी विनंती."

म्हणजे ह्यांच्या व्याख्यानातला तो साडेदहाचा फोन माझा होता. आणि तो पुन्हा वाजून माझ्या हाती लागू नये, म्हणून हे सगळं व्रत!

संध्याकाळी सहाला सत्कार. समितीने आत्ताच लेकीकडून निरोप पाठवलाय, वहिनींनीही दोन शब्द बोलावेत.

बोलणार आहे.