कार्डाशिवाय काढलेले दोनशे बारा फोटो

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, अविवाहित, कॅमेऱ्याच्या दुकानात एकतीस वर्षे जोडसामानाचा काउंटर सांभाळून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. तशी कोणाची छातीही नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते, आणि ज्यांच्यावर राग होता ते दुकानाचे मालक माझ्याआधीच गेले.

हे लिहिण्याचे खरे कारण मालमत्ता नाही. आठ वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावावर खोटा आळ घातला. तो मला उतरवायचा आहे. वकीलबाई म्हणाल्या, "आधी घर, मग बाकीचं." म्हणून त्या क्रमाने.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचा माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, ज्यात मी आईसोबत राहत होते, तो धाकट्या भावाला द्यावा. स्वयंपाकघराची खिडकी थोडी उचलून मगच ढकलावी लागते. जोर केला तर काच हातात येईल.

कलम २. बँकेत जे उरेल ते, आईच्या शेवटच्या चार महिन्यांत ज्यांनी तिचे अंघोळपाणी केले त्या बाईंना द्यावे. त्यांचा पत्ता टेलिफोनच्या वहीत "आ" खाली आहे, आईच्या म्हणून.

कलम ३. माझा छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा व त्याचे सर्व जोडसामान भावाच्या मुलीला. ती पुलांची तपासणी करते. खांबांना गेलेल्या तड्यांचे फोटो काढणे हा तिचा रोजचा उद्योग. "आत्या, असा कॅमेरा घेतला तर सोबत काय काय घेऊ?" असे तिने मला एकदा विचारले होते. मी उत्तर टाळले होते. कॅमेऱ्याचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जात असे. का, ते पुढे येईलच. तिचे उत्तर इथे देते.

जादा बॅटऱ्या दोन. लहान कॅमेऱ्याची बॅटरीही लहान, आणि पाठीमागचा पडदा सतत चालू, त्यामुळे ती बघता बघता संपते. थंडीत त्या आतल्या खिशात, अंगालगत ठेव. पट्टा मनगटाचा घे. गळ्यातला पट्टा तू कठड्यावरून वाकलीस की लोंबणार आणि कशात तरी अडकणार, आणि कॅमेऱ्यामागोमाग तूही जाशील. ट्रायपॉड वीतभर पुरे, कठड्यावर उभा राहतो. मोठ्या ट्रायपॉडवर सहा महिन्यांत टॉवेल वाळत पडतात, हे मी किती गिऱ्हाइकांच्या घरी पाहिले आहे. माझा स्वतःचा मोठा ट्रायपॉड तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी आठवडाभरासाठी नेला, त्याला अकरा वर्षे झाली. त्यावर दिवा बांधून ते लोकांचे दात बघतात. तो त्यांनाच देऊन टाकावा असे मनात होते. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि वकीलबाई सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काडीही मिळत नाही. तेव्हा दिवा सोडून त्यांनी तो परत करावा.

धूळ उडवायला रबरी फुगा आहे, तो वापर. तोंडाने फुंकू नकोस. सगळे फुंकतात आणि मग भिंगावर थुंकी उडाली म्हणून काउंटरवर येतात. पिशवी कॅमेऱ्याची घेऊ नकोस, ती चोराला लांबून ओळखू येते. माझी जेवणाच्या डब्याची जुनी पिशवी आहे, तिला मी आतून स्पंज शिवला आहे. राहिला भिंगापुढचा काचेचा फिल्टर. "काही झालं तरी फिल्टर गळ्यात मारायचा," असा आमच्या मालकांचा हुकूम होता, आणि त्यावरून मी त्यांच्याशी एकतीस वर्षे भांडले. ज्याला गरज नाही त्याला मी तो विकला नाही. पण तू धुळीत आणि सिमेंटच्या पाण्यात काम करतेस, तेव्हा तू लाव. मालकांचे एकदा तरी बरोबर निघाले म्हणायचे.

आणि फोटो साठवायची कार्डे. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान बरी. एक बिघडले तर निम्मे तरी हाती राहते. घरातून निघताना झाकण उघडून कार्ड आत आहे की नाही ते डोळ्यांनी बघ. शिवाय मेनूत एक सेटिंग असते, कार्ड नसतानाही शटर चालू द्यायचे की नाही, असे. ते बंद कर. दुकानात मांडलेल्या कॅमेऱ्यात ते चालू ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला नुसते बटण दाबून बघता येते. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगत असे. माझा स्वतःचा कॅमेरा दुकानात मांडलेल्यांतूनच घेतलेला होता.

कलम ४. आळ. आईचा ऐंशीवा वाढदिवस धाकट्याच्या घरी झाला. सतरा माणसे होती. मी दोनशे बारा फोटो काढले. मोजायची मला सवय आहे. फोटो काढताना मी चष्मा काढते, त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक सूचना मला दिसली नाही. "ताई, जाताना कार्ड दे गं, लॅपटॉपवर घेतो," असे धाकटा दोनदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी घरी झाकण उघडले तर खाच रिकामी.

मी त्याला फोन केला. विचारले नाही, सांगितले: "कार्ड तू काढलंस." तो गोंधळला. म्हणाला, "काढलं असेन गं... थांब, शोधतो." तो पहिल्यापासून विसराळू, आणि मी पहिल्यापासून ताई. त्याचा माझ्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास. संध्याकाळपर्यंत सतराच्या सतरा जणांना कळले की कार्ड धाकट्याने हरवले.

तिसऱ्या दिवशी आईचे वर्तमानपत्र उचलले तर खाली कार्ड वाचायचे यंत्र, आणि त्यात कार्ड. आदल्या आठवड्यात मीच घातलेले. दोनशे बारा फोटो कधी कुठे उमटलेच नव्हते.

मी गप्प बसले. मला लाज वाटली. जिल्हाभरातले लोक ज्या बाईला विचारून सामान घेत, तिनेच रिकामा कॅमेरा नाचवला, हे मला कोणाला कळू द्यायचे नव्हते. म्हटले, चार दिवस जाऊ देत, मग सांगू. चार महिन्यांत आई गेली. तोवर ती रोज विचारायची, "फोटो मिळाले का गं त्याला?" आणि मी म्हणायचे, "शोधतोय."

तो खरेच शोधत होता. त्याने सोफा उसवला, गाडीच्या सीटा काढल्या, कचऱ्याची पिशवी गच्चीवर ओतून चाळली. आजही तो कुणाकडे गेला आणि सोफ्यावर बसला की त्याचा हात आपोआप फटीत जातो. घरातले त्याला "हरवणकर" म्हणतात. "हरवणकरांकडे किल्ली देऊ नका हं," म्हणून हसतात. मीही हसले आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे. वकीलबाईंनी त्याचा अर्थ प्रकृती असा घेऊ नये.

कलम ५. कलम ४ त्या सतरांपैकी हयात असलेल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, घराबिराच्या आधी. त्यानंतर कोणी "हरवणकर" म्हटल्यास त्याने माझ्या घराची पायरी चढू नये.

पुरवणी, त्याच दिवशी. वकीलबाईंनी वरील मजकूर वाचला आणि चष्मा काढून म्हणाल्या, "बाई, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं? मग त्यांनी भांडायचं कोणाशी?" मी धाकट्याला बोलावून घेतले. दुसरे साक्षीदार, गल्लीतले शिंपी, तापामुळे आलेच नव्हते.

त्याने कलम ४ उभ्यानेच वाचले. मग कलम १ पासून सगळे वाचले. मग म्हणाला, "म्हणजे सोफा मी उगाच उसवला."

मी म्हटले, "हो."

"आई जाईपर्यंत मला वाटत होतं की तिचे शेवटचे फोटो मी घालवले. तुला माहीत होतं?"

"हो."

तो खिडकीशी गेला. दंतवैद्य आपल्या नखांकडे बघत बसले. परत आला तेव्हा त्याने टेबलावरचे पेन उचलले. वकीलबाई घाईने म्हणाल्या, "अहो, तुम्ही साक्षीदार झालात तर फ्लॅट तुम्हाला मिळणार नाही."

"नको मला. आठ वर्षं आरोपी होतो, आता साक्षीदार होतो." आणि माझ्याकडे न बघता, "खिडकीचं मला माहीत आहे. तुला एकटीला ती उचलवत नाही, म्हणून दर रविवारी मीच येतो ना?"

त्याने मला माफ केले असे तो म्हणालेला नाही. मी विचारलेही नाही.

सबब कलम १ बदलून फ्लॅट भावाच्या मुलीला द्यावा. ते कार्ड मी त्यानंतर कधी वापरले नाही. ते धाकट्याच्या नावे लिहिणार होते, पण आता कायद्याने तेही देता येत नाही. म्हणून आजच, माझ्या जिवंतपणी, त्याच्या हातात दिले. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवले आणि दोनदा खिसा चाचपला.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी पावणेबारा.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे दंतवैद्य. (सही, खाली "ट्रायपॉड उद्या आणून देतो.")

साक्षीदार दुसरे: लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ. (सही; खाली "कार्ड मिळाले. पोच.")